बहिणीच्या गावात आर्सेनिक, आरओ बसवलाय, मीटरवर आकडा छान येतो. पण विष निघतंय का?

कोरचीकर · ४ जून, रात्री ९:४०

जोहार मंडळी. पाण्यातली जाणकार माणसं इथं आहेत म्हणून हा धागा काढतोय. लांब आहे, पण पूर्ण वाचा ही विनंती.

मी कोरची तालुक्यातला. धाकटी बहीण सीमेपलीकडे छत्तीसगडात दिली आहे, अंबागड चौकीच्या बाजूला. घरून गाडीनं दीड तास. त्या पट्ट्यातल्या कौडीकसा आणि आसपासच्या गावांच्या पाण्यात आर्सेनिक आहे, हे १९९९ मध्येच जादवपूर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मांडलं होतं. तेव्हा तो भाग मध्य प्रदेशात होता. सोयरीक करताना आम्ही जमीन पाहिली, घर पाहिलं, मुलगा पाहिला. पाणी पाहायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

मे महिन्यात तिकडे एका लग्नाला गेलो होतो. जावयांनी पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा त्यांच्या तळहाताकडे लक्ष गेलं. तांदळाच्या दाण्याएवढ्या कडक गाठी, दोन्ही हातांना. तळपायांनाही तशाच. छातीवर नि पाठीवर पावसाचे थेंब पडावेत तसे काळे-पांढरे ठिपके. ते म्हणाले, कुदळीचे घट्टे आहेत. घट्टे मलाही आहेत, मीही धानाचीच शेती करतो. ते घट्टे नव्हते.

गावात दोन वर्षांपासून आरओ प्लांट आहे, ५ रुपयांत २० लिटरचा जार. प्लांट चालवणाऱ्या पोरानं माझ्यासमोर टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर बुडवून दाखवला. हापशीचं पाणी २१०, प्लांटचं ३८. म्हणाला, "बघा भाऊ, सगळं निघालं."

मला विचारायचंय ते असं, की आरओची मेंब्रेन, म्हणजे आतली पाणी गाळणारी पातळ पडदी, आर्सेनिक खरंच अडवते का, आणि या ३८ वर विसंबावं का? प्लांटचं रिजेक्ट, म्हणजे मेंब्रेननं मागे टाकलेलं पाणी शेजारच्या धानाच्या बांधीत सोडतात, ते चालतं का? आमची ग्रामपंचायतही असाच प्लांट घेणार आहे. मी सदस्य आहे आणि ग्रामसभेत मला यावर बोलायचं आहे.

खारपाणपट्टा · ४ जून, रात्री ११:०५

भाऊ, वाचून जीव कासावीस झाला. मी दर्यापूरकडचा, पूर्णेच्या खोऱ्यातला. सात वर्षं झाली गावचा आरओ प्लांट चालवतोय. आमच्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, टीडीएस २८०० च्या घरात. त्यामुळे मेंब्रेन काय करते आणि काय करत नाही ते रोज हातानं पाहतो.

आधी मीटरचं सांगतो. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो आणि त्यावरून क्षाराचा अंदाज देतो. त्याचा एक आकडा म्हणजे लिटरमागं १ मिलिग्रॅम. आर्सेनिकची मर्यादा आहे लिटरमागं ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे मीटरच्या सगळ्यात लहान घराचा शंभरावा भाग. मर्यादेच्या दहापट आर्सेनिक टाकलं तरी काटा जागचा हलणार नाही. त्या पोराचा दोष नाही, त्यालाही कुणीतरी असंच शिकवलं असणार.

पण तुमचा ३८ हा आकडा मला वेगळ्या कारणानं खटकतोय. माझ्याकडे २८०० चे १२० होतात, म्हणजे ९५ टक्क्यांच्या वर क्षार अडतो. त्या हिशेबानं २१० चे ८-१० यायला पाहिजेत. ३८ आले कुठून? एक तर मेंब्रेन गेली असेल, नाहीतर व्हेसलमधली (मेंब्रेनच्या नळकांड्यातली) ओ-रिंग, नाहीतर कुणी कच्चं पाणी मिसळतंय. प्रेशर पंपाच्या अलीकडून एखादी बारीक नळी निघून थेट शुद्ध पाण्याच्या लाईनला जोडली आहे का, तिच्यावर छोटा व्हॉल्व्ह आहे का, ते पाहून सांगा. फार कमी टीडीएसचं पाणी लोकांना सपक लागतं, म्हणून चवीसाठी असा व्हॉल्व्ह ठेवतात. आमच्याकडे ते चालून जातं, कारण आमचा शत्रू फक्त मीठ आहे. तिथं चालणार नाही.

रसायन_मास्तर · ५ जून, सकाळी ७:२०

कोरचीकर, तुम्ही मूळ प्रश्नालाच हात घातलात. शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं विस्तारानं लिहितो.

भूजलात आर्सेनिक दोन रूपांत असतं. एक आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिक पाच. दुसरं आर्सेनाइट, म्हणजे आर्सेनिक तीन. आपल्या पिण्याच्या पाण्याचा सामू (पीएच) साधारण ७ ते ८ असतो. त्या सामूला आर्सेनेटवर ऋण भार असतो. आरओच्या पॉलिअमाइड मेंब्रेनवरही ऋण भार असतो. दोघं एकमेकांना ढकलतात आणि आर्सेनेट ९५ टक्क्यांच्या वर अडतं. आर्सेनाइटवर मात्र सामू ९ च्या वर जाईपर्यंत भारच नसतो. छोटा, बिनभाराचा रेणू. मेंब्रेनला तो पाण्याचाच भाऊबंद वाटतो आणि त्यातला बराचसा पार निघून जातो. किती जाईल ते मेंब्रेन, दाब आणि पाण्यावर ठरतं, पण आर्सेनेटइतकं पक्कं अडत नाही एवढं नक्की.

आणि खोल बोअरमध्ये, जिथं हवा पोचत नाही तिथं, आर्सेनाइटच जास्त असण्याची शक्यता असते. म्हणून "आरओ आर्सेनिक काढतो" हे वाक्य खरंही आहे आणि अर्धवटही. मेंब्रेनपाशी पोचण्याआधी आर्सेनाइटचं आर्सेनेट करून घ्यावं लागतं. त्याचा सोपा मार्ग क्लोरीन. नुसती हवा मारून हे काम फार सावकाश होतं.

नॅनोफिल्ट्रेशन नावाची दुसऱ्या प्रकारची मेंब्रेन असते, तिलाही हेच लागू. तिची छिद्रं आरओपेक्षा मोकळी, दाब कमी लागतो, वीज कमी जाते. आर्सेनेट ती भाराच्या जोरावर बऱ्यापैकी अडवते, आर्सेनाइटपुढं तिचं फारसं चालत नाही.

झरीची_आशा · ५ जून, दुपारी १:१५

मी झरी-जामणी तालुक्यात आशा आहे. आमचं दुखणं फ्लोराइडचं. आमच्या पोरांच्या दातांवर पिवळ्या-तपकिरी रेघा, म्हाताऱ्यांची पाठ वाकलेली, गुडघे धरलेले. त्यामुळे पाण्यानं माणूस कसा हळूहळू झिजतो ते मला सांगायला नको.

कोरचीकर भाऊ, एकच विचारते. बहीण भात कोणत्या पाण्यात शिजवते?

कोरचीकर · ५ जून, रात्री ८:३०

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच तिला फोन लावला. भात, वरण, चहा सगळं हापशीच्या पाण्यात. जार फक्त पिण्यापुरता. रोज दोन जार परवडत नाहीत, आणि "उकळतं ना दादा, मग काय होतं" म्हणाली.

सकाळची पेज पण त्याच पाण्याची. आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस शेतावर जाताना गडूभर पेज पिऊन जातो, दुपारी परत तीच. जावई पाण्यापेक्षा पेजच जास्त पितात.

झरीची_आशा · ५ जून, रात्री ९:००

हेच वाटलं होतं. पेजेत तर पाणी फेकलंच जात नाही, सगळं पोटात. भाऊ, उद्यापासून पेज आणि भात जारच्या पाण्यात. प्लांटचं पाणी शंभर टक्के चांगलं नसेल, तरी हापशीपेक्षा चांगलंच असणार. अंघोळ, कपडे, भांडी हापशीच्या पाण्यात करायला हरकत नाही, आर्सेनिक कातडीतून फारसं आत जात नाही. आणि जावईबापूंना त्वचारोगाच्या डॉक्टरला दाखवा, घरातल्या पोरांनाही. डॉक्टरला "आर्सेनिकच्या गावचा आहे" हे आधी सांगा, नाहीतर खाजेचं मलम हातात पडतं. डाळ, अंडी, हिरवी भाजी पोटात जाऊ द्या. अंगात ताकद नसली की हे विष जास्त त्रास देतं.

धानपट्टी · ६ जून, सकाळी ६:५०

माझं याविषयी वाचन नाही, म्हणून विचारतो. पाणी उकळून, तुरटी फिरवून किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवून काही फरक पडत नाही का? आणि बाजारात बिनविजेचा यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) फिल्टर मिळतो, तोही मेंब्रेनचाच असतो म्हणे. आमच्याकडे दिवसातून चार-पाच तास वीज नसते.

रसायन_मास्तर · ६ जून, सकाळी ७:४५

उकळल्यानं जंतू मरतात, आर्सेनिक मरत नाही. उलट वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. तांब्याच्या भांड्याचा काही उपयोग नाही. तुरटीचा थोडा आहे, आर्सेनेट तिच्या गाळाला चिकटतं, पण त्याला योग्य सामू आणि मात्रा लागते. घरी तुरटी फिरवून ते साधत नाही.

यूएफची छिद्रं बॅक्टेरिया अडवण्याइतकी बारीक असतात, पण विरघळलेलं आर्सेनिक त्यापुढं हत्तीच्या दारातून मुंगी जावी तसं जातं. तो फिल्टर गढूळपणा आणि जंतूंसाठी चांगला. यूएफ आर्सेनिकला उपयोगी पडतं ते एकाच वाटेनं. आधी पाण्यात फेरिक क्लोराइडसारखा लोहाचा क्षार घालून आर्सेनिक त्याच्या गाळाला चिकटू द्यायचं, मग तो गाळ मेंब्रेननं अडवायचा. गावपातळीवर हे होऊ शकतं, पण त्याला रोज लक्ष देणारा माणूस लागतो.

आणखी एक, मनात आहे म्हणून लिहितो. २१० टीडीएसचं पाणी मुळात गोडं पाणी. त्यातल्या कणभर आर्सेनिकसाठी सगळे क्षार काढून अर्धं पाणी वाया घालवणं मला पटत नाही. अशा पाण्याला लोहाच्या ऑक्साइडवर आर्सेनिक शोषून घेणारे फिल्टर जास्त शोभतात. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. टी. प्रदीप यांच्या गटानं विकसित केलेलं 'अमृत' हे तंत्र याच जातीचं. त्याला दाबाचा पंप लागत नाही, रिजेक्टही नाही. पण तिथं आरओ बसून झालाय, तर आता तोच नीट चालवून घेणं हे पहिलं काम.

निवृत्त_प्रयोगशाळा · ६ जून, रात्री १०:१०

सगळं वाचलं. माझी नोकरी पाण्याचे नमुने तपासण्यात गेली. बाकी चर्चा अहवाल आल्यावर करा, आधी नमुना द्या. आणि तो नीट घ्या, कारण चुकीच्या नमुन्याचा अहवाल अहवाल नसण्यापेक्षा वाईट.

प्रयोगशाळेतून दोन प्रकारच्या बाटल्या मागा. धातूंसाठीच्या बाटलीत नायट्रिक आम्लाचे थेंब आधीच घातलेले असतात, ती विसळायची नाही आणि काठोकाठ भरून सांडवायची नाही. हे आम्ल नसलं तर पाण्यातलं लोह गंजून तळाशी बसतं आणि आर्सेनिकला सोबत घेऊन बसतं. मग पाणी खोटंच चांगलं ठरतं. फ्लोराइड, नायट्रेट, टीडीएससाठी दुसरी, बिनआम्लाची बाटली. हापशी आधी पाच मिनिटं हापसा, पाइपातलं साठलेलं पाणी जाऊ द्या. प्लांटचा नमुना जारमधून नको, टाकीच्या नळाचा घ्या, प्लांट अर्धा तास चालल्यावर. बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहा. आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी एकाच दिवशीचं हवं.

जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना किटनं पाणी तपासायला शिकवलंय, ते चांगलं आहे. आर्सेनिकच्या किटमध्ये पट्टीचा पिवळा-तपकिरी रंग कार्डाशी ताडून पाहतात. हापशी वाईट आहे की नाही एवढं त्यातून कळतं. प्लांटच्या पाण्यात ०.००८ आहे की ०.०१५, हा निवाडा डोळ्यांनी रंग पाहून करू नका, त्यासाठी प्रयोगशाळाच. आणि तुमच्या स्वतःच्या गावच्या बोअरचाही नमुना सोबत द्या. प्लांट घ्यायच्या आधी, नंतर नाही.

कोरचीकर · २९ जून, रात्री ९:१५

मंडळी, अहवाल आले. उशीर झाला, मध्ये रोवणीची तयारी होती.

बहिणीच्या गावची हापशी: आर्सेनिक ०.०६८, लोह १.१. प्लांटचं पाणी: आर्सेनिक ०.०२१, टीडीएस ३८. सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर.

म्हणजे जे पाणी गाव दोन वर्षं शुद्ध म्हणून विकत घेतंय त्यात मर्यादेच्या दुप्पट आर्सेनिक आहे. अहवाल हातात घेऊन मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

खारपाणपट्टा भाऊ, तुम्ही म्हणाला होता ती नळी आहे. पंपाच्या अलीकडून निघते, निळ्या मुठीचा छोटा व्हॉल्व्ह, अर्धा उघडा. पोरगा म्हणाला, बसवणाऱ्यांनीच तसा ठेवला आणि हात लावू नको सांगितलं. कुणी बसवला ते इथं लिहीत नाही.

आमच्या गावच्या बोअरमध्ये आर्सेनिक सापडलं नाही. पण फ्लोराइड १.९ निघालं. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

खारपाणपट्टा · २९ जून, रात्री १०:४०

भाऊ, कागद-पेन घेऊन बसलो. मेंब्रेन धड असेल तर ती ८ टीडीएसचं पाणी देणार. त्यात २१० चं कच्चं पाणी मिसळून ३८ व्हायचं तर दर १०० लिटरमागं साधारण १५ लिटर कच्चं पडतंय. त्या १५ लिटरमधून आर्सेनिक किती येतं बघा. ०.०६८ चे १५ टक्के म्हणजे ०.०१०. अख्खी मर्यादा त्या बारीक नळीतूनच भरली! उरलेलं ०.०११ मेंब्रेनमधून पार आलंय. दोन वेगवेगळी भोकं आहेत ही.

पहिलं भोक उद्या सकाळी बंद होईल. व्हॉल्व्ह नुसता बंद करू नका, कुणीतरी चवीसाठी परत उघडेल. नळी कापून दोन्ही टोकांना एंड कॅप लावा.

रसायन_मास्तर · ३० जून, सकाळी ७:००

हिशेब अगदी बरोबर. आणि दुसरं भोक म्हणजे आर्सेनाइट, याची मला जवळपास खात्री वाटते. टीडीएस इतका छान अडतोय आणि आर्सेनिक तेवढं अडत नाही, याचा अर्थ जे निसटतंय ते बिनभाराचं आहे.

त्यावर उपाय टीसीएल, म्हणजे क्लोरीन देणारी ब्लीचिंग पावडर. कच्च्या पाण्याच्या टाकीत मात्रा द्यायची, अर्धा तास पाणी उभं राहू द्यायचं, मग वाळूचा फिल्टर, मग कार्बन, मग मेंब्रेन. पाण्यात लोह १.१ आहे ही इथं आपल्या फायद्याची गोष्ट. क्लोरीननं त्या लोहाचा तांबूस गाळ होतो, आर्सेनेट त्याला चिकटतं आणि बरंचसं वाळूतच अडतं. मात्र वाळूचा फिल्टर उलटा धुताना जे लाल पाणी निघतं त्यात आर्सेनिक असणार, ते उघड्यावर सोडू नका.

एक धोका नीट समजून घ्या. पॉलिअमाइड मेंब्रेनला क्लोरीन सोसत नाही. काही आठवडे क्लोरीन लागलं तरी तिचा पापुद्रा खराब होतो आणि मग क्षारही पार जाऊ लागतो. म्हणून कार्बन फिल्टरनंतर क्लोरीन शून्य आहे, हे रोज पाहायचं.

झरीची_आशा · ३० जून, दुपारी १२:३०

हे तर आमचं रोजचं काम. क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकायचे. कार्बनच्या आधीच्या पाण्यात पिवळा रंग आला पाहिजे, नंतरच्या पाण्यात अजिबात नाही. दोन काचेच्या नळ्या शेजारी शेजारी धरल्या की शाळेतलं पोरगंही सांगेल. त्या गावच्या मितानिनला (छत्तीसगडात आशाला मितानिन म्हणतात) यात घ्या, ती घरोघरी फिरते आणि तिचं ऐकतात.

आणि तुमच्या गावच्या फ्लोराइडबद्दल. १.५ च्या वर म्हणजे लहान पोरांसाठी वाईट. आरओ फ्लोराइड चांगला अडवतो, पण आमच्या एका गावात प्लांट आला आणि तीन महिन्यांत बंद पडला. कार्ट्रिज बदलायला पैसे कोण देणार यावर भांडण. आजही ती खोली कुलूपबंद आहे, आत भिंतीला पोरांनी रंगवलेला नळ आहे. तुम्ही ग्रामसभेत देखभालीचं आधी ठरवा, मशीन मागून.

कोरचीकर · ३० जून, रात्री ८:५०

ताई, लिहून घेतलं. रिजेक्टचं कुणी सांगेल का? त्यांच्या प्लांटचं ताशी ५०० लिटर शुद्ध निघतं आणि जवळपास तेवढंच बाहेर. सरळ बांधीत जातं.

खारपाणपट्टा · ३० जून, रात्री ९:३०

आमच्याकडे रिजेक्टनं भांडी घासतात, संडासाला वापरतात. मी तरी आजवर त्याला घाण पाणी मानलं नाही.

रसायन_मास्तर · १ जुलै, सकाळी ६:४०

तुमच्याकडे ठीक. तिथं नाही. मेंब्रेन आर्सेनिक नष्ट करत नाही, एका बाजूचं उचलून दुसऱ्या बाजूला ढकलते. निम्मं पाणी शुद्ध निघालं तर उरलेल्या निम्म्यात आर्सेनिक जवळपास दुप्पट होतं. ०.०६८ चं ०.१३ च्या आसपास. आणि धान हे उभ्या पाण्यातलं पीक. चिखलात हवा नसते, मातीतलं आर्सेनिक मोकळं होतं आणि धान ते इतर धान्यांपेक्षा जास्त उचलतं. म्हणजे प्लांटनं जे पाण्यातून काढलं ते दाण्यातून ताटात परत यायची वाट करून दिली. बांधीत नको, भाजीच्या वाफ्यात नको, विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात तर मुळीच नको. संडासाला वापरा. उरलेल्यासाठी सिमेंटचा पक्का, उथळ हौद, उन्हानं आटू द्यायचा, तळाचा गाळ गोळा करून बंद ठेवायचा. पावसाळ्यात वर पत्रा. अवघड आहे, पण दुसरी सोपी वाट मला दिसत नाही.

कोरचीकर · ७ ऑगस्ट, रात्री ९:२०

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. नळी कापली त्या दिवशी टीडीएस ३८ वरून ९ वर आला. महिनाअखेर दुसरा अहवाल आला, आर्सेनिक ०.०१३ (मेंब्रेनमधून येणारं ०.०११ हे १०० पैकी ८५ लिटरमधलं होतं, आता कच्चं पाणी नाही म्हणून लिटरमागं ०.०१३). तुमच्या दोन भोकांचा हिशेब असा तंतोतंत जुळला की मी तो कागद प्लांटच्या पोराला वाचून दाखवला. त्याचं नाव इथं लिहीत नाही, पण पोरगा गुणी आहे. आता रोज सकाळी दोन नळ्या धरून ओटीचा रंग पाहतो आणि वहीत लिहितो. टीसीएलचा ड्रम मागच्या सोमवारी बसला. रिजेक्टचा पाइप बांधीतून काढून सध्या शाळेच्या संडासाच्या टाकीला जोडलाय, हौदाचं काम पावसानं अडलंय.

बहिणीच्या पंचायतीनं घरटी दुसरा जार २ रुपयांत द्यायचं ठरवलं, भातासाठी म्हणून. पहिल्या दिवशी त्या पाण्याची पेज जावयांना फिकी लागली, मीठ जास्त मागितलं. आता सवय झाली म्हणते. डॉक्टरांनी ठिपके हळूहळू कमी होतील सांगितलं, हातापायाच्या गाठींबद्दल खात्री दिली नाही. भाच्याच्या अंगावर काही नाही. त्याला मी उघडा करून उजेडात नीट पाहिला.

आमच्या ग्रामसभेत ठराव झाला. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल दर तीन महिन्यांनी फलकावर लावायचा, मिसळण्याची नळी असलेला प्लांट घ्यायचा नाही, आणि कार्ट्रिज-मेंब्रेनचा पैसा जारच्या पैशातून वेगळ्या खात्यात टाकायचा. एका बाईनं विचारलं, स्वयंपाकाचं पाणी धरलंय का? धरलंय. माणशी १० लिटर, ६०० माणसं, दिवसाला ६००० लिटर.

टीसीएलनंतरचा तिसरा नमुना गुरुवारी द्यायचा आहे. आम्लाची बाटली आणून ठेवली आहे, झाकण उघडलेलं नाही.